आखडलेला खांदा: कोणत्या टप्प्यावर काय करावं?

शेवंती

खांदा आखडला की घरात, शेजारी, शाळेच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. एक म्हणतो, जोर लावून हात फिरवा, मोकळा होईल. दुसरा म्हणतो, गळ्यात पट्टा अडकवा आणि अजिबात हलवू नका. दोघंही मनापासून सांगत असतात, पण ऐकणाऱ्याचे हाल होतात. आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, टप्प्याटप्प्याने सरकतो आणि एका टप्प्यावर जे चालतं तेच दुसऱ्या टप्प्यावर त्रास वाढवतं, ही गोष्ट आधी कळायला हवी. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी हे भोगलंय आणि जे यावर उपचार करतात, त्या सगळ्यांनी लिहा.

माझं थोडक्यात सांगते. कल्याणला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे, थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगर नाही. गेल्या पावसाळ्यात उजवा दंड ठणकायला लागला. पडले नाही, जड उचललं नाही, काही निमित्तच नाही. फळ्यावरची पहिली ओळ मी नेहमी डोक्याच्या वर हात नेऊन लिहायची. गणपतीपर्यंत ती कपाळाच्या रेषेत आली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर छातीच्या. मागच्या बाकांवरून "बाई, दिसत नाही" सुरू झालं. भूमितीची आकृती काढताना डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार द्यावा लागतो.

रात्रीचं दुखणं वेगळंच. त्या कुशीवर वळलं की जाग येते, उताणं झोपलं तरी दंडात आतून ठणकतं. दिवसा सगळ्यांत भीती वाटते ती झटक्याची. पडणारा डस्टर पकडायला हात नकळत पुढे जातो आणि अशी कळ येते की दंड धरून तिथेच उभं राहावं लागतं. बोलताही येत नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. "एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे काही नाही" असं घरच्यांना वाटलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणीत बसलेला गोळा. त्याच्याभोवती एक पातळ, सैल पिशवीसारखं आवरण असतं. झब्ब्याच्या काखेत शिंपी जास्तीचा चौकोनी तुकडा जोडतो ना, हात वर गेला की कापड ओढलं जाऊ नये म्हणून, तशीच सैल घडी या आवरणालाही खालच्या बाजूने असते. फ्रोझन शोल्डरमध्ये आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड होतं, आकसतं आणि ती खालची घडीच नाहीशी होते. निरोगी सांध्यात २० मिलिलिटरच्या आसपास द्रव सहज मावतो, आखडलेल्या सांध्यात ती जागा १० मिलिलिटरच्याही खाली येते. हे सगळं मऊ भागात घडतं, त्यामुळे एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. एक्स-रे काढतात तो सांधा झिजलेला नाही ना, चुना साठलेला नाही ना, हाड निखळलेलं नाही ना, हे बघायला.

टप्पे तीन सांगितले. पहिला दुखण्याचा: दोन ते नऊ महिने. यात ठणका जास्त असतो आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. दुसरा जखडण्याचा: चार ते बारा महिने. ठणका उतरतो, पण हात जिथे अडकतो तिथे अडकतोच. तिसरा सुटण्याचा. तो वर्षभर, कधी दोन वर्षंही चालतो. कॅलेंडरप्रमाणे काहीच होत नाही, एक टप्पा दुसऱ्यात मिसळतो.

मी सध्या पहिल्याच्या शेवटाकडे आहे असं डॉक्टरांचं मत. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणाले आहेत. घरी सगळे "स्टेरॉइड नको" म्हणतात. ज्यांनी घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. रात्री झोप कशी लागेल तेही सांगा.


अवधूत७१

ताई, आधी एक विचारतो. शुगर नाही म्हणालात, पण शेवटची तपासणी कधी केली होती? उपाशीपोटी आणि जेवणानंतरची, शिवाय एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), असं सगळं एकदा करून घ्या.

आग्रह एवढ्यासाठी की मला मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळलं. डावा हात मागच्या खिशातल्या पाकिटापर्यंत जाईना म्हणून दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी खांद्याच्या आधी रक्त तपासायला पाठवलं. एचबीए१सी बराच वर होता. तहान, लघवी, वजन कमी होणं, यातलं मला काहीही नव्हतं. सर्वसाधारण लोकांत हा आजार २ ते ५ टक्क्यांना होतो, मधुमेह असलेल्यांत १० ते २० टक्क्यांना. आपल्या देशात मधुमेह असलेले १० कोटींच्या वर आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत निघालं, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे किती घरांत असा खांदा असेल बघा. थायरॉइडचाही संबंध आहेच, तुमची टीएसएच पातळी परत बघून घ्या.

आता इंजेक्शन. मी घेतलं, आणि वेळेत घेतलं याचं समाधान आहे. आधी भूल देणारं औषध मिसळतात. सोनोग्राफीत बघत बघत सुई सांध्यात नेतात, पाच-दहा मिनिटांचं काम. त्या रात्री थोडं दुखलं. नंतरच्या आठवड्यात ठणका इतका उतरला की सलग झोप लागायला लागली. हात लगेच वर गेला नाही, ते काम व्यायामाने पुढे झालं. पण दुखणं कमी झाल्यामुळेच व्यायाम करता आला.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते. पहिले एक-दोन दिवस जास्त, मग आठवडाभरात खाली येते. घरात ग्लुकोमीटर असू द्या आणि तुमचे मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांच्या कानावर आधी घाला. शुगर फार वर असेल तर ती आटोक्यात आणूनच इंजेक्शन देतात.


रानवारा

आमच्याकडे सातारा भागात हाडवैद्य आहेत. आजीचा हात असाच वर जात नव्हता. त्यांनी कोमट तेल लावून बराच वेळ चोळलं, मग काखेत पाय देऊन हात एकदम ओढला. 'टक' असा आवाज आला आणि त्यानंतर आजी हात वर करायला लागली. इंजेक्शनपेक्षा हे बरं, असं मला वाटतं. अनुभव डोळ्यांसमोरचा आहे म्हणून लिहितोय.


मृण्मयी_फिजिओ

रानवारा, आजींना बरं वाटलं याचा आनंदच आहे. पण हे वाचून कोणी आपला हात ओढायला देऊ नये म्हणून मला स्पष्ट लिहावं लागेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे रुग्ण रोज बघते.

आजींचं नेमकं काय होतं हे आता कळणार नाही. खांदा निखळलेला असेल तर तो ओढून बसवल्यावर एकदम हालतो, तो वेगळा प्रकार. किंवा खांदा सुटण्याच्या टप्प्यात असेल, तर त्या काळात जो उपाय केला त्याला श्रेय मिळतं. फ्रोझन शोल्डरमधलं आवरण मात्र आकसलेलं असतं, ते झटक्याने लांबत नाही, फाटतं. पन्नाशी-साठीच्या बाईचं हाड ठिसूळ असेल तर दंडाचं हाड मोडतं, खांदा निखळतो, स्नायू हाडाला जोडणारा कंडरा तुटतो. सर्जनही जखडलेला खांदा हाताने मोकळा करतात, पण पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल पडल्यावर, दंड खांद्याजवळ आखूड धरून, ठरलेल्या क्रमाने. जागेपणी, स्नायू ताठलेले असताना काखेत पाय देऊन ओढणं म्हणजे ते नव्हे.

दुखण्याच्या टप्प्यात जबरदस्ती केली की खांदा उशिरा सुटतो, यावर नेदरलँड्समधला एक अभ्यास आहे, २००४ चा. ७७ रुग्ण होते. एका गटाला दुखेल त्याच्या पलीकडे नेऊन ताणण्याचा कडक व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगितला, दुखेल तिथपर्यंतच हलवायला सांगितलं आणि रोजची कामं चालू ठेवायला लावली. दोन वर्षांनी सौम्य गटातले ८९ टक्के लोक जवळजवळ पूर्ववत होते, कडक गटातले ६३ टक्के. अभ्यास लहान आहे, पण आम्ही क्लिनिकमध्ये जे बघतो त्याच्याशी जुळणारा आहे. आमच्यातही काही जण "रडल्याशिवाय खांदा सुटत नाही" म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. पेशंट टेबलावर ओरडत असेल तर तो स्नायू आवळून धरतो. मग ताण आवरणापर्यंत पोचतच नाही.

शेवंतीताई, तुमचं निदान डॉक्टरांनी केलंच आहे. इतरांसाठी ओळखायची एक साधी रीत सांगते. खुर्चीत बसा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा, अंगठे वर. आता कोपरं न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा, दाराच्या दोन फळ्या उघडतात तसे. आखडलेल्या बाजूचा हात अर्ध्यातच थांबेल. मग दुसऱ्या कोणीतरी तो हात हळूच आणखी बाहेर नेऊन बघावा. तरीही जात नसेल, घट्ट अडकल्यासारखा वाटत असेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त. ही बाहेर फिरवण्याची हालचाल सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त जाते. स्वतःहून हात जात नाही पण दुसऱ्याने नेला तर जातो, असं असेल तर कंडरा फाटल्याचा विचार करावा लागतो. मान हलवल्यावर कळ हातात उतरत असेल, कोपराखाली मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर मानेकडे बघायला हवं. 'खांदा दुखतो' एवढ्यावरून घरच्या घरी व्यायाम सुरू करू नयेत, ते यासाठीच.


गोधडी

चांगला धागा. माझ्या सासूबाईंचं सांगते. त्यांची स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशन. त्या बाजूचा हात भीतीने पोटाशी धरूनच बसायच्या. टाके तुटतील असं त्यांना वाटायचं. सगळं लक्ष केमोच्या तारखांकडे असल्यामुळे हाताबद्दल कोणी विचारलं नाही. आता टाके बरे झालेत पण हात वेणी घालायला डोक्यामागे जात नाही. हाही फ्रोझन शोल्डरच का? आणि त्या बाजूच्या हाताला इंजेक्शन चालतं का?


मृण्मयी_फिजिओ

गोधडी, शस्त्रक्रियेनंतर हात बराच काळ न हलवल्याने खांदा आखडणं नेहमी दिसतं. प्लास्टरनंतर, हृदयाच्या ऑपरेशननंतर, अर्धांगवायूनंतरही हे होतं. पण सासूबाईंच्या बाबतीत दुखण्याचं कारण कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी बघितलंच पाहिजे, ते फ्रोझन शोल्डर समजून घरी बसू नका. रेडिएशनने छातीचे स्नायू आणि कातडीही ताठर होते, त्याचे व्यायाम थोडे वेगळे असतात. त्या हाताला सूज आहे का तेही बघावं लागेल. इंजेक्शनचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांवरच सोडा. केमो चालू असताना जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. एवढं मात्र आजपासून करा: पुढच्या भेटीत हाताबद्दल स्वतःहून विचारा आणि फिजिओकडे चिठ्ठी मागा. कॅन्सरच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो.


टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असतो, इथे मला हा आजार झाला. 'शस्त्रक्रिया करू का' हा प्रश्न इथे बराच अभ्यासला गेलाय, म्हणून लिहितो.

२०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. इथल्या ३५ रुग्णालयांतले ५०३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठी टाकावी तसे तीन गट केले. एका गटाची भूल देऊन हात फिरवायची प्रक्रिया केली. दुसऱ्या गटाचं दुर्बिणीतून आवरण कापून मोकळं केलं. तिसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि ठरवून दिलेली फिजिओथेरपी. वर्षभराने तिन्ही गट खूप सुधारले होते आणि रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक त्यांच्यात नव्हता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंत थोडी जास्त दिसली. फिजिओच्या गटातल्या जास्त जणांना पुढे आणखी उपचार लागले, हेही खरं.

माझ्या डॉक्टरांनी हे सगळं समोर मांडलं आणि निवडायला सांगितलं. मी सांध्यात सलाइन भरून आवरण फुगवण्याचा उपचार घेतला, हायड्रोडायलेटेशन म्हणतात. स्टेरॉइड आणि भुलेच्या औषधाबरोबर सलाइन दाबाने आत सोडतात. भरताना खांद्यात प्रचंड दाब जाणवतो, तेवढं मनाची तयारी करून जा. त्याच दिवशी घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. माझा हात त्यानंतर भराभर सुटला. मात्र माझं दुखणं तेव्हा बरंचसं उतरलेलं होतं, त्याचाही वाटा असणार.

एक गोष्ट सगळीकडे सांगतात की दोन वर्षांत हा आजार आपोआप पूर्ण बरा होतो. ते तितकंसं खरं नाही. ऑक्सफर्डच्या २००८ च्या अभ्यासात सरासरी साडेचार वर्षांनी रुग्णांना परत विचारलं, तेव्हा ५९ टक्के पूर्ववत किंवा जवळपास पूर्ववत होते. बाकीच्यांना काही ना काही उरलं होतं, बहुतेकांना सौम्य. त्या बाकीच्यांपैकी साधारण ६ टक्क्यांचा त्रास मात्र तीव्र होता. आपोआप बरं होतं म्हणून रात्र रात्र जागून सहन करत बसू नये, एवढंच मला म्हणायचंय.


शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. अवधूतदादा, एचबीए१सी आणि टीएसएच दोन्ही करून घेतलं. शुगर सीमारेषेवर आली आहे, मधुमेह नाही पण तिकडे वाटचाल आहे. आहाराचं वेगळं बघते. इंजेक्शन घ्यायचं ठरवलंय.

मृण्मयी, व्यायाम नेमके कसे करायचे ते लिहाल का? आमच्याकडे फिजिओकडे जायचं तर शाळा सुटल्यावर, आणि त्या वेळेच्या लोकलमध्ये दुखरा खांदा घेऊन चढणं हेच मोठं संकट आहे. रोज जाणं होणार नाही.


तारकर्ली_वारा

हाच प्रश्न माझाही. आमच्या गावाहून फिजिओसाठी कुडाळला किंवा कणकवलीला जावं लागतं, एसटीने अख्खा दिवस मोडतो. वडिलांचा खांदा आखडलाय, नारळ सोलायचं काम बंद पडलंय. घरी काय करून घेऊ ते सांगा.


मृण्मयी_फिजिओ

रोज फिजिओकडे जायची गरज नाही. पहिल्यांदा नीट तपासून घ्या, व्यायाम समोर करून दाखवा, मग दोन-तीन आठवड्यांनी एकदा गेलात तरी चालतं. या आजारात घरी थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा केलेला व्यायाम आठवड्यातून एकदाच्या मशीनच्या शेकापेक्षा कामाला येतो.

रात्री ठणकत असेल, म्हणजे पहिला टप्पा चालू असेल, तर एवढंच करा. ओट्याला किंवा टेबलाला चांगला हात टेकून कमरेत वाका, दुखरा हात खाली सैल सोडा आणि अंग किंचित हलवून तो हात पुढे-मागे, मग लहान गोलात झुलू द्या. हात हलवायचा नाही, अंगाच्या हालचालीने तो आपोआप झुलला पाहिजे, इथे बहुतेकांचं चुकतं. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखतात. १९३४ मध्ये 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिलं तेही त्यांनीच. दुसरा व्यायाम असा: गुळगुळीत टेबलावर फडकं ठेवा, त्यावर दुखरा हात ठेवून बसल्या बसल्या पुढे वाका, हात फडक्यासकट सरकेल. हाताचं वजन टेबल घेतं, म्हणून ठणका चाळवत नाही. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतलात तर बरं वाटेल.

रात्रीचा ठणका उतरला आणि फक्त शेवटच्या टोकाला ओढ जाणवायला लागली की पुढचं. बाहेर फिरवण्याची हालचाल परत आणणं सगळ्यांत महत्त्वाचं. उताणे झोपा, कोपर अंगाला चिकटवून काटकोनात ठेवा, कोपर आणि कमर यांच्यामध्ये हातरुमालाची घडी ठेवा. दोन्ही हातांत काठी धरा, छत्री किंवा लाटणंही चालेल, आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकला. ओढ बसेल तिथे वीस-तीस सेकंद थांबा. श्वास रोखू नका. घडी खाली पडली तर समजा कोपर अंगापासून सुटलंय आणि खांदा फसवतोय. मग भिंतीवर बोटांनी वर चढायचं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, खांदा कानाकडे उचलला जाऊ देऊ नका. जिथपर्यंत पोचलात तिथे पेन्सिलने खूण करा. शेवटी पाठीमागे टॉवेल धरून वरच्या चांगल्या हाताने खालच्या दुखऱ्या हाताला वर ओढायचं. हा व्यायाम सगळ्यांत उशिरा सुरू करा. पाठीमागे हात नेण्याची घाई केली की बरेच जण परत दुखवून घेतात.

तारकर्ली, वडिलांसाठी दाराच्या चौकटीला मजबूत हुकावर छोटी कप्पी टांगून दोरी ओवा, चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यायचा. हे ठणका उतरल्यावरच. त्यांनी आधी शुगर मात्र तपासून घ्यावी.

किती दुखलं तर चालेल, हे सगळे विचारतात. ताणताना ओढ जाणवली आणि थांबल्यावर थोड्या वेळात गेली, तर योग्य. दुखणं तासन् तास राहिलं किंवा त्या रात्रीची झोप आधीपेक्षा वाईट झाली, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. आणि गळ्यातला पट्टा नको. हात बांधून ठेवला की आवरण आणखी आकसतं.


गोधडी

झोपेचं कोणीच लिहिलं नाही, मी लिहिते. सासूबाईंना उताणं झोपवून कोपराखाली आणि दंडाखाली चादरीची जाड घडी ठेवते, कोपर गादीत मागे पडलं की ठणका सुरू होतो म्हणून. चांगल्या कुशीवर झोपल्या तर छातीशी उशी देते, दुखरा हात त्या उशीवर राहतो. कपड्यांचंही एक सांगते. ब्लाउज किंवा गाऊन घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. ब्राचा हूक पुढे लावून फिरवून मागे घ्यायचा. स्वयंपाकघरात रोजचे डबे खांद्याच्या खालच्या फळीवर आणून ठेवलेत. वाळत घालायची दोरी खाली घेतली. त्यांना मदत मागायला संकोच वाटतो, म्हणून मागावीच लागू नये अशी मांडणी केली.


वैद्य_चंद्रभागा

सुश्रुतसंहितेत अवबाहुक म्हणून खांदा आखडण्याचं वर्णन येतं, अभ्यंग (तेल चोळणं), स्वेदन (शेक) आणि नस्य (नाकात औषधी थेंब) हे त्याचे नेहमीचे उपचार. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तेल लावून शेक, म्हणजे स्नेहन-स्वेदन देते, त्याने स्नायूंचा ताठरपणा उतरतो आणि व्यायाम सोपा जातो. पण शुगर तपासल्याशिवाय मी कोणाचाही खांदा हातात घेत नाही आणि मालिश करताना सांध्याला झटका देत नाही. मधुमेह असलेल्यांनी शेक जपून घ्या. संवेदना कमी असेल तर पोळल्याचं कळत नाही.


रानवारा

मृण्मयीताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. आवरण लांबत नाही, फाटतं, हे कळलं. माझ्या मावशीलाही आता तोच त्रास सुरू झालाय, तिला उद्या डॉक्टरांकडे नेतो. एक शंका आहे. तिला किडनीचा थोडा त्रास आहे, दुखण्याच्या गोळ्या चालतील का? मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ती रोज घेतेय.


अवधूत७१

त्या गोळ्या डॉक्टरांना आजच दाखवा, उद्यापर्यंत थांबू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीवर ताण आणतात. किडनीचा त्रास असलेल्यांना या स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं. मला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलवर ठेवलं होतं आणि म्हणूनच इंजेक्शन लवकर दिलं. पोटात रोज गोळ्या घेण्यापेक्षा सांध्यात एकदा औषध देणं बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं.


शेवंती

काल इंजेक्शन घेतलं. सोनोग्राफीत बघून दिलं, पडदा मलाही दिसत होता. सुई आत जाताना चमकलं, औषध सोडताना दाब आला, बाकी अवधूतदादांनी लिहिलं तसंच. आता झुलवण्याचा व्यायाम आणि टेबलावरचं फडकं सुरू करतेय. फळ्याच्या वरच्या भागाचं काम नववीतल्या दोन मुली करतात, मी खडू देते आणि त्या आकृती काढतात.

एकच विचारायचंय. डावा खांदा आता थोडा भरून आल्यासारखा वाटतो. हा दुसऱ्या बाजूलाही होतो का?


मृण्मयी_फिजिओ

होऊ शकतो. पुढच्या पाच वर्षांत साधारण ६ ते १७ टक्के लोकांना दुसऱ्या खांद्यालाही होतो, मधुमेह असेल तर शक्यता वाढते. त्याच खांद्याला परत होणं मात्र क्वचित. तुमचा डावा हात सध्या दोघांचं काम करतोय, त्यामुळे नुसता थकवाही असेल. वर सांगितलेली दोन्ही कोपरं चिकटवून हात बाहेर उघडायची चाचणी आठवड्यातून एकदा आरशासमोर करा. डावा हात पूर्वीइतका उघडत असेल तर निश्चिंत राहा. कमी उघडायला लागला किंवा रात्री ठणका सुरू झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, म्हणजे दुखण्याच्या टप्प्यातच उपचार सुरू होतील.

इंजेक्शन दिलेला खांदा लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी जा. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असं काही वाटलं तर तो खांद्याचा आजार नाही, थेट हॉस्पिटल गाठा.